निजलेला भटू

फैजपूर,
ता. ९ फेब्रुवारी १९७०

चि. सौ. सुपडूस अक्काचे आशीर्वाद पोचावेत.

आम्ही इथे बरे आहोत. धुळ्याला भावाच्या घरी तूही बरी असशील, असं मीच ठरवून टाकलं आहे, कारण गेल्यापासून तू एक अक्षर पाठवलेलं नाहीस. चौथीपर्यंत शिकलेली पोरगी तू. माझ्या ओट्यावर बसून औषधाच्या बाटल्यांवरची नावं खडाखडा वाचायचीस. हिलालभाऊंच्या घरात एक पेन्सिल मिळू नये म्हणजे नवलच म्हणायचं.

इकडची खबर अशी. थंडी ओसरली. सावदा स्टेशनवर वॅगनी लागताहेत, त्यामुळे गल्लीतल्या बायका उजाडायच्या आत केळीच्या बागेत पळतात. शेजारच्या सुगनबाईंकडे भाच्याचं लग्न ठरलं. पापड लाटायला मला आग्रहाने बोलावलं होतं. गेले, पण हात काही चालला नाही. सुगनबाईंनी माझे पापड हळूच वेगळ्या ताटात सरकवले, ते मला दिसलं. मारवाड्याच्या घरात पापडाला दयामाया नाही.

तुझी कस्तुरा छान आहे. जेवते, खेळते. तुझ्या सासूबाई रोज सकाळी तिला माझ्या ओट्यापाशी सोडतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात. बाकीची मुलं सध्या येत नाहीत. बायकांनी आपापली सोय केली असावी. घर मोकळं मोकळं झालं आहे, झाडायला सोपं जातं.

झालं त्याबद्दल लिहीत नाही. कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचणार, हिलालभाऊ वाचणार, वहिनी वाचणार. तू फक्त खुशाली कळव. दोन ओळी पुरेत.

तुझी अक्का,
प्रमिला


फैजपूर,
ता. ३ मार्च १९७०

चि. सौ. सुपडूस आशीर्वाद.

कार्ड मिळालं असेलच. उत्तर नाही. निंबा तुला घ्यायला धुळ्याला गेला होता तो तसाच परत आला. म्हणाला, सुपडू आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही, भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं तो चिडलेला असेल. चिडलेला नव्हता. माझ्या ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ बसला. मी चहा केला तो प्यायलाही विसरला. असा नवरा भिंतीमागे ठेवून चालत नाही ग.

गल्ली म्हणते, तू माझ्यावर रागावली आहेस म्हणून गावात पाय टाकत नाहीस. तसं असेल तर राग कर. हक्काने कर. माझ्या दाराशी येऊन चार शिव्या घाल, तुझ्या सासूबाईंनी घातल्याच आहेत, त्यात तुझ्या चार. पण राग माझ्यावर आणि शिक्षा त्या चार वर्षांच्या पोरीला, असं करू नको.

गल्लीत मला कोणी तोंडावर काही बोलत नाही. पाण्याला गेले की बायका बाजूला होतात, एवढंच. आणि एवढं झाल्यावर तुझ्या सासूबाई ताईबाई आपली नात मात्र माझ्याच ओट्यावर आणून सोडतात, याचा उलगडा मला होत नाही. विचारायचं धाडसही होत नाही.

घरातली व्यवस्था मी मोडलेली नाही. घासलेटचा डबा वर माळ्यावर, हौदावर फळी आणि फळीवर पाटा, चुलीपुढे ताटी, दाराशी रेतीची बादली. सगळं रोज बघते. कोणासाठी, ते विचारू नको. भटूची झोळी तेवढी आढ्यावरून काढली.

हे लिहायचं नव्हतं. आता खोडलं तर डाग दिसेल, म्हणून राहू देते.

अक्का


फैजपूर,
ता. २ एप्रिल १९७०

सुपडू,

या वेळी पाकीट पाठवते आहे आणि वर फक्त तुझं नाव घातलं आहे. घरात कोणी नसेल तेव्हा उघड. हिलालभाऊंनी विचारलं तर सांग, अक्काने औषधाबद्दल काही कळवलं आहे. ते अगदीच खोटं होणार नाही.

मागच्या कार्डात रागाबिगाचं मी जे लिहिलं ते मूर्खपणाचं होतं. परवा निंबा हिलालभाऊंचं कार्ड घेऊन आला. त्याला वाचता येत नाही, म्हणून गल्लीत काहीही झालं तरी कार्ड माझ्याकडेच येतं. त्यात लिहिलं होतं की सुपडू जेवायला बसवलं तर बसते, नाहीतर नाही. रोज पांझरा नदीच्या काठाला जाऊन बसते, अंधार पडायच्या आत हाक मारून आणावी लागते. आणि त्यांच्या तान्ह्याला हात लावत नाही, वहिनीने मांडीवर दिला तर अंग चोरून उठून जाते. पांझरेच्या काठाचं मी निंबाला वाचून दाखवलं नाही. ती ओळ गिळली. तो म्हणाला, "अक्का, थांबल्या का?" मी म्हटलं, अक्षर नीट लागत नाही.

तो गेला आणि मी तिथेच बसले. दुसऱ्या कोणावर रागावलेली बाई भावाचं लेकरू उलट घट्ट धरते. हात लावत नाही ती, जी स्वतःच्या हाताला भिते. पोटची पोरगी मागे ठेवून तू का गेलीस हेही तेव्हा कळलं. गाव म्हणतं, काय दगडाची आई आहे. तू तिला तुझ्यापासून लांब ठेवलंस.

म्हणून आता सरळ लिहिते. त्या दिवशी तू भटूला अफूचा कण दिला होतास. मला माहीत आहे. त्याच दिवसापासून माहीत आहे.

दचकू नको, पुढे वाच. मी कोणाला सांगितलेलं नाही. सुगनबाईंना नाही, निंबाला नाही. देवापुढेसुद्धा मोठ्याने बोलले नाही.

तो दिवस मी तुला सांगितलाच नाही. तू विचारला नाहीस आणि मी टाळलं. पण तुझं पोर कसं गेलं हे तुला कळायला हवं. आपल्या मनाने रचलेलं खऱ्यापेक्षा वाईट असतं.

त्या दिवशी वॅगन लागायची होती. मुकादमाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, जी येणार नाही तिने टोळीत पुन्हा येऊ नये. तू आलीस तेव्हा भटू तुझ्या खांद्यावर निजलेला होता. रोज माझा उंबरा दिसला की भोकाड पसरणारा पोरगा! मी थट्टासुद्धा केली, "आज सूर्य कुठून उगवला ग?" तू म्हणालीस, "रात्रभर दातांनी जागवलं अक्का, आत्ता डोळा लागलाय," आणि वर न बघता पळालीस. मी त्याला झोळीत घातलं. अंग सैल सोडलेलं, तोंड किंचित उघडं. गुणाचं लेकरू म्हणून मी त्याच्या गालाला बोटही लावलं.

मग गोवऱ्यांच्या ढिगातून विंचू निघाला. तुला माझी थाळी माहीत आहे. थाळी वाजली की सगळ्या मुलांनी हातातलं टाकून ओट्यावर चढायचं, हे मी त्यांना खेळासारखं शिकवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच खरी वेळ आली. मी जोरात थाळी बडवली आणि सगळी पोरं चिमण्यांसारखी ओट्यावर. एकही खाली राहिलं नाही. कस्तुराने तर मोहनबाईच्या लंगड्या पोराला ओढून वर घेतलं. चिमट्याने विंचू धरून मी ठेचला. सुगनबाई भिंतीवरून बघत होत्या, म्हणाल्या, "बाईसा, तुम्ही तर पलटणीच्या सुभेदार व्हायला पायजे होत्या." मला इतका अभिमान वाटला, सुपडू! आमचे हे दवाखान्यात कंपाउंडर होते. ते गेले तेव्हा मागे औषधांची फळी तेवढी राहिली, आणि त्या फळीवर मी हे सगळं उभं केलं होतं. विंचवाला औषध, भाजल्याला औषध, कापल्याला टिंक्चर. आगीला रेती आणि घोंगडी. पोर घेऊन डॉक्टरकडे धावायची वेळ आली तर झुंबरलालशेटची जीप, त्यांना आधीच सांगून ठेवलेलं. मला वाटलं, आज सगळ्याचं चीज झालं.

आणि ती थाळी भटूच्या झोळीपासून हातभर अंतरावर वाजली होती. तो हललासुद्धा नाही.

ते मला दिसलं होतं. दिसलं आणि मी म्हटलं, बरं झालं, निजलाय तर निजू दे.

रडण्याला, ओरडण्याला, पडण्याला, धुराला, सगळ्याला माझ्याकडे उपाय होता. गप्प राहण्याला नव्हता. गप्प पोराकडे कोण बघतं? दहा पोरं सांभाळणाऱ्या बाईला गप्प पोर म्हणजे देवाची कृपा वाटते.

दूध पाजायला उचललं तेव्हा मान मागे गेली. ओठ जांभळे. श्वास होता, पण एक आला की दुसरा येईल की नाही अशी वाट बघावी लागत होती. मी किंकाळी फोडली. सुगनबाई धावत आल्या, जीप निघाली, मुलं त्यांनी सांभाळली. जे जे ठरवलं होतं ते ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टरांनी त्याची पापणी वर केली. बाहुली राजगिऱ्याच्या दाण्याएवढी झाली होती. त्यांनी मला विचारलं, "याला काय दिलंत?"

मी ताठ मानेने म्हणाले, "काही नाही. माझ्या घरात असलं काही चालत नाही."

ते म्हणाले, "बाई, ही अफू आहे."

त्यांनी सुई दिली, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. म्हातारा माणूस, घामाघूम झाला. भटूने एकदा मूठ उघडली, एवढंच. तो कण्हला नाही, त्याला काही दुखलं नाही, हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. खरंच तसं झालं. माझ्या मांडीवर गेला. डॉक्टर मला म्हणाले, "आईला विचारा. मी आज विचारणार नाही."

तुला स्टेशनावरून आणलं. लुगड्यावर केळीचा चीक सांडलेला, हात काळे. निंबा आला, ताईबाई आल्या, गल्ली जमली. जो तो मला विचारत होता, काय झालं, काय झालं. तू एकटीने वेगळं विचारलंस. तू म्हणालीस, "उठला नाही?"

तिथेच मला कळलं, सुपडू.

मी सगळ्यांना सांगितलं, छातीत कफ दाटला. कंपाउंडरची बायको आहे, माझं खरं धरलं. मग ताईबाईंनी छाती बडवून घेतली आणि साऱ्या गावासमोर म्हणाल्या की माझं घरच पांढऱ्या पायाचं, स्वतःचं मूल नाही आणि लोकांची गिळते. मी ऐकून घेतलं. तू ओट्याच्या कोपऱ्यात बसून ऐकत होतीस आणि काही बोलली नाहीस.

तुझा राग आला होता मला. खोटं कशाला लिहू? खूप आला होता. रात्र रात्र मी मनात तुझ्याशी भांडले. माझ्या झोळीत मरायला टाकलंस त्याला, असंही म्हटलं. मुलं येईनाशी झाली, पाण्यावर बायका बाजूला व्हायला लागल्या, तेव्हा एकदा वाटलं, उठावं आणि चौकात सांगावं. सांगितलं नाही. मी विधवा बाई, मला शिव्या घालून लोक आपल्या घरी जातात. तुला त्याच घरात, त्याच चुलीपुढे जन्म काढायचा आहे.

पण राग फार दिवस टिकला नाही, कारण रागाच्या मागे दुसरं एक येऊन उभं राहिलं. तुला गल्लीतल्या वनाची बायको आठवते? गेल्या पावसाळ्यात ती निजलेलं पोर घेऊन आली, मी वास घेतला, पापणी वर केली आणि साऱ्या बायकांसमोर तिला हाकलली. "अफू चारलेलं पोर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." ती बिचारी ओट्याच्या पायरीवर रडत बसली, तिचं त्या दिवसाचं काम बुडालं. आणि मी वर बायकांना म्हणाले, नियम म्हणजे नियम. तू तिथेच उभी होतीस, कस्तुराची वेणी घालत.

त्या दिवशी तू नियम शिकलीस. अफू द्यायची नाही हे नाही शिकलीस, द्यायची तर अक्काला सांगायचं नाही, हे शिकलीस. मी हाकलली नसती तर त्या सकाळी तू म्हणाली असतीस, अक्का, कण दिलाय, जरा लक्ष ठेवा. मी त्याला झोळीत टाकलंच नसतं. तळपायाला टिचक्या मारत, चालत फिरवलं असतं. उन्हं वर यायच्या आधी डॉक्टरकडे नेलं असतं. वाचला असता का? कदाचित. मी नक्की म्हणत नाही. पण "कदाचित" तरी त्याच्या वाट्याला आला असता.

आता जे लिहिते ते मी लिहायचं नाही असं वचन दिलेलं आहे. वचन मोडते आहे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताईबाई आल्या. कस्तुराला सोडायला येतात तशा नाही, आत आल्या. दार लोटलं. कमरेची एक लहान डबी काढून माझ्यापुढे ठेवली. तुझ्या सासऱ्यांना दम्यासाठी सरकारी कार्डावर अफू मिळायची, त्यातली उरलेली. मग त्या खाली बसल्या आणि त्यांच्या अमळनेरकडच्या बोलीत म्हणाल्या,

"अक्का, रातभर रडे पोऱ्या. सूनले झोप नही. पहाटले मी एक कण दिन्हा, दूधमा. बठ्ठा गावले मी सांगं, तुन्हा घरमा गया. पन मन्हा हाते गया तो."

मी म्हणाले, "ताईबाई, काय बोलता?"

"सुपडूले सांगू नको व माय," त्यांनी माझे पाय धरले, "ती मन्हं तोंड देखाव नही."

समजलं ना तुला? तू कण देण्याआधीच ताईबाईंनी दिला होता. तुझी दया येऊन दिला, तुला घटकाभर झोप मिळावी म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू माझ्याकडून शिकलेली, चिडली असतीस. आणि तू तिला सांगितलं नाहीस, कारण ती मला सांगेल असं तुला वाटलं. त्याच डबीतून दोघींनी काढलं, एकीने अंधारात, एकीने उजाडताना. पोर आधीच गुंगीत होतं आणि तुला वाटलं, दात थांबले म्हणून डोळा लागतोय, एक कण दिला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. तुझा एकटीचा कण असता तर तो संध्याकाळी रडत उठला असता, असं डॉक्टरांना मी कोणाचं नाव न घेता विचारून आले आहे. ते म्हणाले, बहुतेक उठला असता. अफूची बाजू मी घेत नाही. ते विष आहे, आजही म्हणेन. पण भटू तुझ्या एकटीच्या हाताने गेलेला नाही. तुझा हात होता, तुझ्या सासूचा होता, आणि तुम्हा दोघींची तोंडं बंद करणारी मी होते.

ताईबाईंना मी तुझं सांगितलेलं नाही. त्यांना अजून वाटतं, सगळं त्यांनीच केलं. रोज नात माझ्या दाराशी सोडतात ती यासाठी, की त्यांच्या लेखी गावात एवढं एकच घर निर्दोष आहे. त्यांना सांगायचं की नाही, हे तू ठरव. तो तुझा हक्क आहे, माझा नाही. म्हातारी खंगली आहे. सकाळी ओसरीवर बसते ती दुपारीही तिथेच असते. तुम्ही दोघी एकाच दुःखाने जळता आहात आणि एक धुळ्याला, एक फैजपूरला. डबीतलं मी मोरीत वाहवलं.

मागच्या सोमवारी वनाची बायको आली. तीच. पोर कडेवर. मी दारात उभी राहिले, ती पायरीखाली थांबली. म्हणाली, "अक्का, एक कन देला हाये सकाळी. आता ठेवा नाहीतर परत पाठवा." माझ्या तोंडाला जुनं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं आणि पोर घेतलं. दिवसभर खाली ठेवलं नाही. गाणी म्हटली, पाणी शिंपडलं, चिमटे काढले, ते माझ्याकडे रागाने बघायचं. संध्याकाळी ते असं रडलं की भिंतीपलीकडून सुगनबाई म्हणाल्या, "काय झालं बाईसा?" मी म्हटलं, काही नाही, रडू द्या. आणि मी पण रडले. त्या दिवसानंतर मी रडलेच नव्हते.

आता दारात मी प्रत्येकीला विचारते, काय दिलं, केव्हा दिलं. खरं सांगा, परत पाठवणार नाही. तीन बायका यायला लागल्या आहेत.

आता कस्तुराचं. पहिल्या कार्डात मी ती छान आहे म्हणून लिहिलं, ते खोटं. तुला त्रास नको म्हणून खोटं लिहिलं आणि आता वाटतं, तेच चुकलं.

ती निजत नाही. दुपारी बाकीची मुलं आडवी झाली की ही भिंतीला पाठ लावून बसते आणि डोळे मिटायला लागले की स्वतःच्या दंडाला चिमटा काढते. दंड काळेनिळे झाले आहेत. मी नाना प्रकारे विचारलं, सांगेना. रात्री ताईबाई थोपटतात तर हात झटकते. शेवटी परवा माझ्या मांडीवर बसून मला म्हणाली, "भटू निजला ना अक्का?" त्या दिवशी कोणीतरी तिला तसंच सांगितलं होतं, लहान मुलांना सांगतात तसं, भटू निजला. मी म्हटलं, हो बाळा. मग तिने विचारलं, "आईपण निजली का?"

मी म्हटलं, नाही ग, आई धुळ्याला मामाकडे आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मोठी माणसं खोटं बोलणाऱ्याकडे बघतात. तिला वाटतं, निजलेली माणसं परत येत नाहीत, आणि मोठी माणसं ते लपवतात. दोन्ही गोष्टी ती आपल्याकडूनच शिकली आहे.

त्या पोरीला कोणतं औषध देऊ? माझ्या फळीवर नाही.

पाडवा झाला की निंबा पुन्हा येतो आहे. या वेळी भिंतीकडे तोंड करू नको. आखाजीच्या सणाला साऱ्या पोरी माहेरी जातील, तू माहेराहून ये. लोक हसले तर हसू दे. ताईबाईंपुढे गप्प राहायचं असेल तर गप्प राहा, बोलायचं असेल तर बोल, मी मध्ये बसेन. माझ्याकडे यायचं नसेल तर माझ्या दारावरून जा, मी बाहेर येणार नाही. काही बोलू नको, काही करू नको. फक्त पोरीपुढे बस आणि तिला तुझे उघडे डोळे बघू दे. मग ती निजेल.

पांझरेवर जाऊ नको, सुपडू. हे मी विनवून लिहिते. मला हुकूम सोडायची सवय आहे, हा हुकूम नाही.

जिला तू खरं सांगू शकली नाहीस, ती तुझी,
प्रमिला